पाणी आत शिरतं कुठून?

मालवणच्या समुद्रात पहिल्यांदा बुडी मारली तेव्हा माझ्या मनगटावरच्या घड्याळावर ‘वॉटर रेझिस्टंट 50 मीटर’ असं कोरलेलं होतं. गेलो होतो जेमतेम आठ मीटर. वर येऊन होडीचा काठ धरला, तर काचेला आतून वाफ धरलेली आणि सहाच्या आकड्यापाशी एक थेंब डुलत होता. पन्नास मीटरचं घड्याळ आठ मीटरवर हरलं कसं? हा प्रश्न काही पाठ सोडेना. घड्याळ दुरुस्त करणाऱ्यानं मागचं झाकण उघडून दाखवलं तेव्हा कारण कळलं. महिन्याभरापूर्वी सेल बदलताना झाकणाखालची रबरी कडी, म्हणजे गॅस्केट, कोरडीच परत बसवली गेली होती आणि एका जागी चिमटली होती. फट केसाएवढीही नव्हती.

‘हात मारताना दाब वाढतो, म्हणून 30 मीटरचं घड्याळ घालून पोहू नये,’ असं सर्रास सांगतात. मी हिशेब करून पाहिला. सेकंदाला 5 मीटर इतक्या झपाट्यानं हात फिरवला तरी वाढणारा दाब जेमतेम सव्वा मीटर खोल पाण्याइतका भरतो. खरी गोम चाचणीत आहे. साध्या जलरोधक घड्याळांसाठी आयएसओ 22810 हे प्रमाण आहे. त्यात प्रत्येक घड्याळ तपासण्याची सक्ती नाही, नमुना तपासला तरी चालतं. शिवाय तो आकडा नव्या कोऱ्या घड्याळाचा. रबर उन्हानं, घामानं, साबणानं कडक होत जातं, आकडा मात्र झाकणावर तसाच राहतो.

पाणबुड्यांच्या घड्याळांचं प्रमाण वेगळं, आयएसओ 6425. इथे दाबाची परीक्षा प्रत्येक घड्याळाला द्यावी लागते आणि तीही लिहिलेल्या खोलीच्या सव्वापट दाबाखाली. म्हणजे 200 मीटरचं घड्याळ दोन तास 250 मीटरचा दाब सोसतं. मग ते चाळीस अंशांच्या वर तापवून काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवतात. आतून वाफ धरली की घड्याळ बाद. माझं घड्याळ इथेच नापास झालं असतं. अंधारात 25 सेंटीमीटरवरून वेळ वाचता आली पाहिजे, खाऱ्या पाण्यात गंज चढता कामा नये, पट्ट्यानं सुमारे वीस किलोची ओढ सोसली पाहिजे, अशा आणखीही कसोट्या आहेत. त्या पार केलेल्या घड्याळावर ‘डायव्हर्स’ हा शब्द असतो. दुकानात आधी तो शोधा. नुसतं ‘वॉटर रेझिस्टंट 200 मीटर’ म्हणजे ते नव्हे. हौशी बुडीची मर्यादा 40 मीटर मानतात, त्यामुळे 200 मीटर भरपूर झाले. हजार मीटरच्या आकड्यासाठी जादा पैसे मोजू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाण्याखाली घड्याळ लागतं ते किती वाजले हे पाहायला नाही, खाली जाऊन किती वेळ झाला हे कळायला. दाबाखाली श्वासातला नायट्रोजन रक्तात आणि ऊतींत विरघळत जातो. खाली वेळ जास्त झाला, तर तो बाहेर पडावा म्हणून वर येताना थांबत यावं लागतं. अमेरिकी नौदलाच्या जुन्या तक्त्यांत मध्ये न थांबता वर येण्यासाठी 18 मीटरवर 60 मिनिटं, तर 30 मीटरवर फक्त 25 मिनिटं मिळत. ब्लाँपें या घड्याळ कंपनीचे तेव्हाचे प्रमुख जाँ-जाक फिश्टर स्वतः डायव्हिंग करत. दक्षिण फ्रान्समध्ये एकदा वेळेचं भान सुटलं आणि त्यांची हवा संपत आली. त्या अनुभवातून आणि फ्रेंच नौदलाच्या रोबेर मालूबिए व क्लोद रिफो यांच्या मागणीतून 1953 मध्ये ‘फिफ्टी फॅदम्स’ हे घड्याळ आलं. काचेभोवतीची, बुडीचा वेळ मोजायला मिनिटकाट्यासमोर लावायची फिरती कडी, म्हणजे बेझल, सहज धक्क्यानं सरकू नये अशी सोय त्यात होती. आजची बेझल एकाच दिशेला फिरते. चुकून धक्का लागलाच तर गेलेला वेळ जास्त दिसतो, कमी कधीच नाही. माणूस लवकर वर येतो आणि वाचतो. माझ्या लेखी घड्याळाचा सर्वांत मोलाचा भाग हाच.

जपानमधलं एक पत्रही सांगायलाच हवं. 1968 मध्ये हिरोशिमा प्रांतातल्या कुरे शहरातल्या एका व्यावसायिक पाणबुड्यानं सेइको कंपनीला लिहिलं, की तीनशे मीटरच्या खालच्या कामात तुमची घड्याळं टिकत नाहीत. इतक्या खोल काम करणारे दिवसचे दिवस हेलियम मिसळलेल्या हवेत राहतात. त्याचे बारीक कण गॅस्केटमधून आत शिरतात आणि वर येताना आत अडकलेला हा वायू काच उडवतो. रोलेक्सनं यावर झडप बसवली, आत आलेला वायू बाहेर सोडायला. सेइकोनं ठरवलं, वायू आत येऊच द्यायचा नाही. 1975 मध्ये त्यांचं 600 मीटरचं घड्याळ आलं: टायटॅनियमची, मागून न उघडणारी एकसंध केस आणि इंग्रजी ‘एल’ अक्षराच्या आकाराचं गॅस्केट. पट्टा हार्मोनियमच्या भात्यासारखा घड्यांचा होता, कारण खोलवर डायव्हिंगचा सूट दबून पातळ होतो आणि साधा पट्टा मनगटावर सैल पडतो. एका पत्राला उत्तर द्यायला सात वर्षं लागली. त्या उत्तराचे वारसदार आजही विकत मिळतात.

आपल्याला हेलियमची झडप लागत नाही. लागते ती आट्यांची, घट्ट पिळून बंद होणारी चावी. 316एल पोलाद हवं. त्यातलं मॉलिब्डेनम खाऱ्या पाण्याला जास्त काळ दाद देत नाही. ओल्या बोटांनीही बेझल फिरवता येते का, हे दुकानातच पाहा. पट्टा एकाच पट्टीचा, घड्याळाखालून ओवलेला घ्या. एक पिन तुटली तरी दुसरी धरून ठेवते. आज मनगटावर खोली आणि वेळ मोजणारा डाइव्ह कॉम्प्युटर असतोच आणि असावाच. पण त्याची बॅटरी गेली तर सोबतीला हे हवं.

समुद्रातून आल्यावर घड्याळ गोड्या पाण्यात बेझल फिरवत धुवा, नाहीतर मिठाचे खडे तिच्याखाली साचून ती अडकते. आणि सेल बदलायला द्याल तेव्हा गॅस्केट नवं घालून, दाबाची तपासणी करून मागा. ती करण्याचं यंत्र दुकानात नसेल, तर झाकण उघडू देऊ नका.