सोलकढी उकळत का नाहीत?

मालवण किनाऱ्यावर मासळीच्या जेवणाबरोबर सोलकढी हवीच. नारळाचा दाट रस, कोकमाचे आगळ, ठेचलेली लसूण-मिरची आणि मीठ एवढेच तिचे साहित्य. पण ती उकळत नाहीत. असे का?

नारळाचा रस हे एक पायस आहे, म्हणजे पाण्यात विखुरलेले तेलाचे सूक्ष्म थेंब. प्रत्येक थेंबाभोवती प्रथिनांचे पातळ आवरण असते. सर्व आवरणांवर सारखाच विद्युतभार असल्याने थेंब एकमेकांपासून दूर राहतात.

ताज्या रसाचा पीएच सुमारे ६ असतो. कोकमातील हायड्रॉक्सिसायट्रिक आम्लामुळे तो ४ च्या दिशेने उतरतो. तेथे प्रथिनांवरील भार जवळजवळ नाहीसा होतो. थेंबांचे पुंजके बनतात आणि काही वेळाने साय वर येते. तरीही आवरणे बरीचशी शाबूत असतात. त्यामुळे ढवळले की कढी पुन्हा एकजीव होते.

उष्णतेचा परिणाम निराळा. ८० अंश सेल्सिअसच्या आसपास प्रथिने साकळतात, आवरणे तुटतात आणि तेल सुटते. मग कितीही ढवळले तरी फुटलेली कढी पूर्ववत होत नाही.

वर्गात हे करून पाहा. एका पेल्यात नुसता नारळाचा रस, दुसऱ्यात आगळ घातलेला, तिसऱ्यात आगळ घालून उकळलेला रस घ्या. तासाभराने तिन्ही ढवळा आणि निरीक्षणे लिहून काढा.

एक सूचना: न उकळलेली सोलकढी लवकर नासते, म्हणून ती त्याच दिवशी संपवावी. कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात तर ती ठेवूच नये. आम्लामुळे तांबे कढीत उतरते.