उटण्यातील नागरमोथा

आश्विन वद्य चतुर्दशीची पहाट. अंगणात पणत्या तेवत आहेत, बंबातील पाणी तापले आहे, पाटाभोवती रांगोळी रेखिली आहे आणि घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया मुलाबाळांच्या अंगाला तेल-उटणे लावीत आहेत. सूर्योदयापूर्वीचे हे अभ्यंगस्नान ज्याने अनुभविले, त्याला उटण्याचा तो वास जन्मभर विसरत नाही. चंदन, वाळा, कचोरा, आंबेहळद यांच्या जोडीला ओल्या मातीची आठवण करून देणारा एक गंभीर गंध त्यात असतो. तो नागरमोथ्याचा.

हा नागरमोथा येतो कोठून, असे आम्ही घरातील मुलांना विचारले, तेव्हा ‘पुडीतून’ एवढेच उत्तर मिळाले. म्हणून हा लेखनप्रपंच.

मुस्ता कुलातील एकदोन जवळच्या जातींचे कंद या नावाने बाजारात येतात. त्यांतील सर्वपरिचित जात म्हणजे आपला शेतातील लव्हाळा. तो गवतासारखा दिसतो, परंतु गवत नव्हे. त्याचा दांडा बोटांत धरून फिरवावा, तीन कडा हाताला लागतात. जमिनीखाली दोऱ्यासारख्या बारीक खोडांनी जोडलेल्या काळपट गाठी असतात, जणू ओवलेली जपमाळच. या गाठींतच सारा सुगंध साठविलेला असतो.

शेतकऱ्याला मात्र हा लव्हाळा वैऱ्यासमान. वरचा पाला उपटला तरी गाठी खाली राहतात आणि नांगराने माळ तुटली की एरवी निजलेल्या गाठीही स्वतंत्रपणे फुटतात. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या, जगातील उपद्रवी तणांविषयीच्या एका ग्रंथात याच वनस्पतीला पहिला क्रमांक दिलेला आहे. उन्हातान्हात खुरपणी करणाऱ्या हातांचा त्यावरील राग अगदी रास्त होय.

आपल्या पूर्वजांनी मात्र त्याचा गुणही ओळखला. ग्राही, दीपन व पाचन द्रव्यांत चरकसंहितेने मुस्तेला श्रेष्ठ मानले. ज्वरातील तहानेसाठी सांगितलेल्या षडंगपानीयात ती आहे. ‘शाकुंतला’च्या दुसऱ्या अंकात दुष्यंत मृगया थांबवितो, तेव्हा डबक्यांतील मुस्ता निर्धास्तपणे उकरणारे वराह कालिदासाने दाखविले आहेत. आणि लहानपणाची थोरवी सांगताना तुकोबांनाही लव्हाळाच आठवला.

ज्यांना घरचा नागरमोथा हवा, त्यांनी तणनाशक न फवारलेल्या शेतातून चार ताज्या गाठी आणाव्यात. शेतकरी त्या आनंदाने देईल! दुकानातील सुकलेल्या गाठी सहसा उगवत नाहीत. पसरट कुंडीत बोटभर खोल त्या लावाव्या, माती ओलसर ठेवावी आणि कुंडीला भरपूर ऊन द्यावे. सावलीत हे रोप खुरटते. वाफ्यात वा परसात मात्र ते कधीही लावू नये. कुंडीही जमिनीवर न टेकविता विटांवर ठेवावी, अन्यथा तळच्या छिद्रातून लव्हाळा बाहेर पडेल व पुढील पिढीचे शिव्याशाप आपल्याला लागतील. गाठी भरल्या की काढून स्वच्छ धुवाव्या, वरील केसाळ मुळे चोळून काढावी, काप सावलीत वाळवावे आणि कुटून वस्त्रगाळ करावे.

पुराणे सांगतात, नरकासुर हा भूमीचाच पुत्र, वराहरूपी विष्णूपासून झालेला. ज्या भूमीच्या उदरी तो जन्मला, तिच्याच उदरी वराहाला प्रिय असलेली ही गाठही वाढते. वरून उपद्रव, आत सुगंध. यंदा उटणे लावताना मुलांच्या हाती एक अख्खी गाठ द्यावी, तिचा वास घेऊ द्यावा आणि तिच्यापायी शेतात वाकणाऱ्या हातांचेही स्मरण करून द्यावे. अभ्यंगाच्या पहाटेला तेवढी कृतज्ञता शोभून दिसेल.