आधी फाइल बघा, मग किंमत

फोटो एडिटिंग शिकायचे म्हटले की पहिले नाव निघते फोटोशॉपचे. पण २०१३ पासून ॲडोबीने त्याच्या नव्या आवृत्त्या एकरकमी विकणे बंद केले. आता पैसे महिन्याचे किंवा वर्षाचे, आणि ते थांबले की सॉफ्टवेअरही थांबते. नवशिक्याने इथून सुरुवात करण्याची गरज नाही. फुकट मिळणारी चांगली सॉफ्टवेअर बरीच आहेत, फक्त प्रत्येकाचे काम वेगळे. म्हणून आपला फोन किंवा कॅमेरा कोणती फाइल देतो, हे आधी पाहावे.

फोनमधले फोटो बहुधा जेपेग असतात. त्यात लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या प्रत्येकी २५६ पायऱ्या मावतात. कॅमेऱ्याच्या १४ बिटच्या रॉ, म्हणजे प्रक्रिया न केलेल्या, फाइलमध्ये त्याच १६,३८४ असतात. खिडकीपाशी बसलेल्या आजीचा फोटो घ्या. मागे लख्ख ऊन, चेहरा काळवंडलेला. जेपेगमध्ये तो फार उजळवला, की गालावर रंगांचे ठिपके आणि पट्टे उमटतात. रॉमध्ये सुरकुत्यांसकट चेहरा वर येतो. मात्र खिडकी पार पांढरी पडली असेल, तर ती रॉमधूनही परत येत नाही.

फोनवर जेपेगच काढत असाल, तर गूगलचे स्नॅपसीड पुरे. ते फुकट आहे आणि त्यात जाहिरातीही नाहीत. त्यातले ‘सिलेक्टिव्ह’ घेऊन आजीच्या चेहऱ्यावर बोट टेकवले आणि उजवीकडे सरकवले, की तेवढाच भाग उजळतो.

रॉ काढत असाल, तर संगणकावर डार्कटेबल घ्या. ते मूळ फाइलला हात लावत नाही. तुमचे बदल शेजारच्या छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये नोंदवले जातात, त्यामुळे चुकले तरी फोटो शाबूत राहतो. ८ जीबी रॅम असली तर ते बरे चालते.

नको असलेली वस्तू काढणे, दोन फोटो जोडणे, वर अक्षरे टाकणे अशा कामांसाठी गिंप आहे. आकाशातली विजेची तार काढायची असेल, तर ‘हील’ टूल निवडा, कंट्रोल दाबून शेजारच्या स्वच्छ आकाशावर क्लिक करा आणि मग तारेवरून ब्रश फिरवा. नवशिके अडतात ते पुढे. गिंपमध्ये ‘सेव्ह’ केले की एक्ससीएफ फाइल तयार होते, आणि ती व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून दिसत नाही. जेपेग हवा असेल, तर ‘एक्स्पोर्ट’ करावे लागते. काहीच इन्स्टॉल करायचे नसेल, तर ब्राउझरमध्ये चालणारे फोटोपी आहे. त्यात जाहिराती दिसतात, पण फोटोशॉपच्या पीएसडी फाइलही उघडतात.

निवडताना तीनच फोटो घ्या: पाठीमागून उजेड असलेला, क्षितिज तिरके झालेला आणि रात्रीचा. तुमच्या कामाच्या दोन सॉफ्टवेअरमध्ये तेच तीन सुधारून पाहा आणि ज्यात कमी शोधाशोध करावी लागली ते ठेवा. डाउनलोड मात्र अधिकृत साइटवरूनच करा. ‘क्रॅक’ केलेल्या आवृत्तीबरोबर व्हायरस येण्याचा धोका असतो.

फोटोशॉपचे पैसे भरायचे ते ग्राहक किंवा छापखाना त्याच्याच फाइल मागू लागला तर. तोवर हाती पैसे असतील, तर बाहेरची हार्ड डिस्क घ्या. एडिटिंग पुन्हा करता येते, हरवलेली मूळ फाइल पुन्हा मिळत नाही.