नाडी नव्हे, श्वास

हैदराबादेत काचीगुड्याहून अफजलगंज काही लांब नाही. तिथल्या जुन्या रुग्णालयाचे डॉ. एडवर्ड लॉरी भुलीसाठीच्या क्लोरोफॉर्मचा धोका तपासणाऱ्या १८८८-८९च्या आयोगांच्या काळात हट्टाने सांगत: नाडी सोडा, श्वास बघा. क्लोरोफॉर्म हृदयही थांबवतं; तिथे ते चुकलेच. पण पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांचा सल्ला आजही कामाला येतो. टाके ओढतात म्हणून रुग्ण खोकायलाही घाबरतो. मॉर्फिनने कळ कमी होते, मिडाझोलामने धास्ती जाऊन झोप लागते. मात्र दोन्ही एकत्र आली की श्वास जास्तच मंदावतो. २०१६ साली अमेरिकी औषध प्रशासनाने अशा जोडीबद्दल ठळक इशारा छापायला लावला. मॉर्फिनवर नॅलोक्सोनचा उतारा आहे, मिडाझोलामवर तो चालत नाही. म्हणूनच मॉर्फिन चालू असताना घरून आणलेली झोपेची गोळी रुग्णाला परस्पर देऊ नका. आधी नर्सला दाखवा.