कृष्णवर्णीय लेखिकांची वाङ्मयीन परंपरा

मुंबईत १९७२ साली दलित पँथरची स्थापना झाली, तेव्हा तिचे नाव अमेरिकेतील ब्लॅक पँथर या संघटनेवरून घेतले गेले. तेव्हापासून तेथील कृष्णवर्णीयांचे साहित्य आपल्याला परके वाटत नाही. मात्र त्यांच्या लेखिकांवर कोणते वाङ्मयीन संस्कार झाले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

फिलिस व्हीटली हिला १७६१ मध्ये आफ्रिकेतून गुलाम म्हणून बोस्टनला आणले गेले. मालकाच्या घरी ती वाचायला शिकली. १७७३ मध्ये लंडनला तिचा कवितासंग्रह निघाला. तिच्यापुढे आदर्श होते ते बायबलचे आणि इंग्रज कवी पोप यांचे. तिच्या समाजातील स्त्रीचे पुस्तक तिच्यापुढे नव्हतेच.

झोरा नील हर्स्टन (१८९१–१९६०) यांनी वेगळी वाट धरली. फ्लोरिडातील ईटनव्हिल या कृष्णवर्णीयांच्या गावात त्या वाढल्या. दुकानाच्या ओसरीवर रंगणाऱ्या गोष्टी हीच त्यांची पहिली शाळा. पुढे मानववंशशास्त्रज्ञ फ्रान्झ बोआस यांच्याकडे शिकून त्यांनी लोककथा गोळा केल्या. १९३७ साली ‘देअर आइज वेअर वॉचिंग गॉड’ या कादंबरीत त्यांनी गावची बोली आणली. हे गोऱ्या वाचकांचे रंजन आहे, अशी टीका रिचर्ड राइट यांनी केली. हळूहळू हर्स्टन विस्मृतीत गेल्या. गरिबीत त्यांचे निधन झाले. थडग्यावर नावाचा दगडही नव्हता.

अ‍ॅलिस वॉकर या जॉर्जियातील वाटेकरी शेतकऱ्याच्या कन्या. एका कथेसाठी मंत्रतंत्राची माहिती शोधताना त्यांना हर्स्टन यांचे नाव सापडले. १९७३ मध्ये फोर्ट पिअर्स येथील गवत माजलेल्या दफनभूमीत जाऊन त्यांनी थडगे शोधले व त्यावर दगड बसविला. निरक्षर ठेवलेल्या आयांची प्रतिभा गोधड्यांत, गाण्यांत आणि फुलबागेत जिवंत राहिली, असे त्यांनी लिहिले. बोलीतील ‘द कलर पर्पल’ला १९८३ साली पुलित्झर पारितोषिक मिळाले.

टोनी मॉरिसन यांनी विद्यापीठात फॉकनर व व्हर्जिनिया वुल्फ यांच्यावर प्रबंध लिहिला. पण घरात ऐकलेल्या भुताखेतांच्या गोष्टीही त्यांच्या लेखनात उतरल्या. १९९३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

विद्यार्थी मित्रांनो, पूर्वसुरी नेहमी ग्रंथालयातच भेटतात असे नाही. काही वेळा त्यांची थडगी शोधावी लागतात, तर काही वेळा त्या आपल्याच घरात गोधडी शिवत बसलेल्या असतात. त्यांचे बोलणे आजच लिहून ठेवा.