मेंदूचा वाटा

बंगळूरच्या सर्जापूर रोडवर इमारतींचं काम थांबलेलं मी कधी पाहिलं नाही. निळ्या पत्र्यांच्या शेडमधून रायचूर, यादगीर, बिहार, ओडिशाकडची माणसं सकाळी लवकर बाहेर पडतात आणि अंधार पडेपर्यंत विटा, सळया, सिमेंट वाहत राहतात. याच रस्त्याच्या कोरमंगलाकडच्या टोकाला सेंट जॉन्स मेडिकल कॉलेज आहे. अशाच कष्टकरी, कायम अर्धपोटी शरीरांचा हिशेब तिथे चाळीस वर्षांपूर्वी मांडला गेला. आज मेंदूच्या पेशींबद्दल वाचताना मला तो पुन्हा पुन्हा आठवतो.

उपासमार मोजायची कशी, हा वाद त्या काळी पेटला होता तो पुण्यात. १९७१ साली वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी दिवसाला माणशी २२५० कॅलरींच्या आधारे दारिद्र्याची रेषा आखली. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांना ही आखणी पटली नाही. त्यांचं म्हणणं असं, की एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते आणि शरीर आपला खर्च आपणच सावरून घेतं, म्हणून सरासरीच्या खालचा प्रत्येक जण उपाशी धरता येत नाही. हा आक्षेप गणिताने भक्कम होता. पण खर्च सावरताना शरीर नेमकं काय करतं, हे माणसांवर मोजूनच कळणार होतं.

सेंट जॉन्समधले शरीरक्रियाशास्त्रज्ञ प्रकाश शेट्टी आणि त्यांचे सहकारी हेच मोजत होते. पहाटे, रिकाम्या पोटी, निवांत पडलेला माणूस किती प्राणवायू वापरतो यावरून त्याचा किमान ऊर्जाखर्च काढायचा. शेट्टींचा १९८४ सालचा निबंध दीर्घकाळ कुपोषित राहिलेल्यांवर आहे. या गटाच्या मोजमापांत अशा माणसांचा एकूण खर्च कमी भरला, पण तो दर किलो वजनामागे मांडला तर धष्टपुष्ट माणसापेक्षा जास्त निघाला. याचं मोठं कारण असं, की उपासमारीत मांस झडतं, चरबी झडते. मेंदू मात्र जवळपास तसाच राहतो. जेमतेम १.४ किलोचा, शरीराच्या वजनाच्या २ टक्के असलेला हा अवयव विश्रांतीतल्या ऊर्जेचा सुमारे २० टक्के हिस्सा घेतो. शरीर वाळतं तसा त्याचा वाटा उलट वाढत जातो.

हा वाटा जातो कुठे? अवघड विचार करताना तो वाढत असेल, असं आपल्याला वाटतं. लुई सोकोलोफ आणि सीमोर केटी यांनी १९५५ साली तरुणांना मनातल्या मनात गणितं करायला लावली, तर मेंदूचा एकूण प्राणवायूचा वापर हललाच नाही. काम असो-नसो, दिवा पेटलेलाच असतो. पेशीतून संदेश गेला की सोडियम आत शिरतं. ते पुन्हा बाहेर काढायला पंप चालवावे लागतात आणि त्यांना एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, लागतं. २००१ साली डेव्हिड ॲटवेल आणि सायमन लाफलिन यांनी या खर्चाचं तपशीलवार अंदाजपत्रक केलं. संदेशवहन, म्हणजे पेशीतून धावणारे संदेश आणि दोन पेशींमधल्या चेतासंधींवरची देवाणघेवाण, हाच सर्वांत मोठा खर्च ठरला. मेंदूकडे इंधनाचा साठा जवळजवळ नाहीच. रक्त थांबलं की दहाएक सेकंदांत शुद्ध हरपते.

हे इंधन बनवण्याची पेशीची क्षमताही कमी-जास्त होऊ शकते. मुंबईत टीआयएफआर या संशोधन संस्थेत विदिता वैद्य, उल्लास कोल्थूर-सीताराम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ साली दाखवलं, की सेरोटोनिन चेतापेशींमधल्या ऊर्जा बनवणाऱ्या तंतुकणिका वाढवतं, एटीपी वाढवतं आणि पेशीला ताण सोसायचं बळ देतं. मनःस्थितीशी जोडलेलं रसायन पेशीच्या चुलीशीही बोलतं, हे वाचून मी बराच वेळ थांबलो होतो.

सुखात्म्यांच्या प्रश्नाला मला सर्वांत जवळचा वाटतो तो २०२२ सालचा एडिंबरोचा प्रयोग. झाहिद पदमसी, नताली रोशफोर्ट आणि त्यांच्या गटाने उंदरांचं अन्न कमी केलं. वजन १५ टक्के उतरलं, तेव्हा दृष्टिकेंद्रातल्या पेशींनी चेतासंधींवरचा खर्च आटोपता घेतला. पेशी पेटत राहिल्या, उंदीर पाहत राहिले, पण बारकावा गेला: जवळजवळच्या दोन कोनांतल्या रेघा त्यांना नीट वेगळ्या ओळखता येईनात. लेप्टिन हे संप्रेरक दिल्यावर खर्च पुन्हा वर आला, बारकावाही परतला. म्हणजे सावरून घेणं खरं आहे आणि त्याची किंमतही खरी आहे. वजनाच्या काट्यावर ही किंमत दिसत नाही.

उंदरावरून माणसावर थेट उडी मारता येत नाही, हे मी जाणतो. पण माणसाच्या मुलांबद्दलचा एक आकडा आपल्याकडे आहे. ख्रिस्तोफर कुझावा यांच्या गटाने २०१४ साली काढलेल्या हिशेबानुसार चार-पाच वर्षांच्या मुलाच्या विश्रांतीतल्या खर्चापैकी जवळपास दोन तृतीयांश एकटा मेंदू घेतो. दुपारी सर्जापूर रोडवरच्या शेडबाहेर वाळूच्या ढिगावर खेळणारी पोरं साधारण याच वयाची असतात. आई कामावरून येऊन डबा उघडते, तेव्हा पहिला घास ती त्यांनाच देते.