औषधाची चिठ्ठी : कागदावरून मोबाईलवर

श्रोतेहो, डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधाची चिठ्ठी हा आपल्या घरातील एक परिचित कागद आहे. कोठे ती आरशामागे खोचलेली असते, कोठे औषधांच्या डब्यात घडी घालून ठेवलेली असते. तिचे अक्षर लागत नाही, ही तक्रार तर जुनीच आहे. तथापि या कागदाचा एक मोठा गुण आपण सहसा ध्यानी घेत नाही. तो एका वेळी एकाच ठिकाणी असतो. तो हरवला तर हरवल्याचे कळते आणि कोणी नेला तर जागा रिकामी दिसते.

आता ही चिठ्ठी मोबाईलवर येऊ लागली आहे आणि मोबाईलवरील वस्तूला हा गुण नाही. तिची प्रत क्षणात निघते, मूळ प्रत जागच्या जागी राहते आणि दुसरी प्रत कोणाच्या हाती गेली याचा पत्ताही लागत नाही. म्हणून अशी चिठ्ठी कशी घ्यावी आणि कशी जपावी, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

या बाबतीत ऑस्ट्रेलियाचे उदाहरण बोधप्रद आहे. इंदूर, वडोदरा, हैदराबाद किंवा बेळगाव येथील अनेक कुटुंबांतील मुले आज मेलबर्न-सिडनीकडे स्थायिक झाली आहेत आणि काहींचे वृद्ध आईवडीलही त्यांच्याजवळ राहावयास गेले आहेत. त्यांना या पद्धतीशी प्रत्यक्ष संबंध येतो. २०२० च्या मे महिन्यात व्हिक्टोरिया राज्यातील अँगलसी या समुद्रकाठच्या गावी तेथील पहिली कागदविरहित चिठ्ठी दिली गेली. त्याच वर्षी कोरोनाच्या साथीमुळे डॉक्टरांची गाठ फोनवर पडू लागली आणि या पद्धतीचा प्रसार झपाट्याने झाला.

तिची रचना अशी आहे. डॉक्टर आपल्या संगणकावर औषध लिहितात. ती मूळ चिठ्ठी एका सुरक्षित वितरण सेवेच्या भांडारात जाऊन बसते. रुग्णाच्या मोबाईलवर येतो तो केवळ एक लघुसंदेश. त्यातील दुवा उघडला की काळ्यापांढऱ्या ठिपक्यांचा चौकोन, म्हणजेच क्यूआर कोड, दिसतो. औषधविक्रेता तो आपल्या यंत्राने वाचतो, तेव्हा भांडारातील चिठ्ठी त्याच्यापुढे उघडते. म्हणजे रुग्णाजवळ असते ती चिठ्ठी नव्हे, चिठ्ठीच्या कुलुपाची किल्ली होय. प्रत्येक औषधाला स्वतंत्र किल्ली असते. तीन औषधे लिहिली तर तीन संदेश येतात.

या किल्लीची खुबी अशी की ती एकदाच चालते. औषध दिले गेले की ती निकामी होते. तेच औषध पुन्हा घ्यावयाचे असेल, तर पुढच्या खेपेसाठी नवा संदेश येतो. त्यामुळे एकाच किल्लीच्या दहा प्रती काढल्या तरी औषध एकदाच मिळते. कागदाचा तो हरवलेला गुण येथे यंत्राच्या साहाय्याने परत मिळवला आहे, असे म्हणता येईल.

तथापि किल्ली ती किल्लीच. ज्याच्या हाती पडेल त्याला ती उपयोगी पडू शकते. आजारी मनुष्याने ती मुलाकडे पाठवून औषध आणवावे, ही सोय आहे. पण तीच किल्ली नातेवाइकांच्या समूहात टाकली, तर घराची किल्ली चव्हाट्यावर टांगल्यासारखे होईल. म्हणून काही पथ्ये पाळावीत. डॉक्टरांकडे आपला चालू नंबर नोंदवलेला आहे ना, हे तपासावे, नाही तर संदेश भलत्याच माणसाकडे जाईल. मोबाईलला कुलूपसंकेत असावा. औषध घेतल्यावर आलेला नवा संदेश जपून ठेवावा, जुना काढून टाकावा. संदेश चुकून पुसला गेला किंवा मोबाईल हरवला, तर डॉक्टरांना किंवा औषधविक्रेत्याला लगेच कळवावे. जुनी चिठ्ठी रद्द करून डॉक्टरांना नवी देता येते. आणि डॉक्टरांशी बोलणे झालेले नसताना चिठ्ठीचा संदेश आला, किंवा त्यात बँकेची माहिती मागितली, तर तो उघडू नये.

ज्यांना अनेक औषधे घ्यावी लागतात, त्यांना इतक्या किल्ल्या सांभाळणे जड जाते. त्यांच्यासाठी तेथे 'माय स्क्रिप्ट लिस्ट' नावाची यादी आहे. रुग्णाने नाव नोंदवून संमती दिली की औषधविक्रेता त्या यादीतूनच चिठ्ठी काढतो. आणि ज्यांना यातले काहीच नको, त्यांना कागदी चिठ्ठी मागण्याची मुभा आहे. ही मुभा लहान समजू नये. ज्या वृद्धेजवळ स्वतःचा मोबाईल नाही, ती सुनेचा किंवा मुलाचा नंबर देते. मग तिचे प्रत्येक दुखणे प्रथम दुसऱ्याच्या डोळ्यांखालून जाते. घर कितीही प्रेमळ असले, तरी आपले दुखणे कोणाला सांगावे हे ठरवण्याचा तिचा अधिकार राहिलाच पाहिजे.

रुग्णाने सारे पथ्य पाळूनही एक धोका उरतो, तो भांडाराचा. मेडिसिक्युअर नावाची कंपनी ऑस्ट्रेलियात अशी वितरण सेवा चालवीत असे. २०२४ च्या मे महिन्यात तिच्यावर सायबर हल्ला झाल्याचे जाहीर झाले आणि जुलैत असे सांगण्यात आले की सुमारे १ कोटी २९ लाख लोकांची माहिती त्यात सापडली आहे. सुमारे पावणेतीन कोटी लोकवस्तीच्या देशात हा आकडा जवळजवळ निम्मा होतो. त्या माहितीत नावे, पत्ते, जन्मतारखा होत्या, तशीच औषधांची नावेही होती. यातून बोध हा की किल्ली जपणे हे रुग्णाचे कर्तव्य असले, तरी भांडार जपणे हे ते चालवणाऱ्यांचे आणि शासनाचे कर्तव्य आहे.

आता आपल्या देशाकडे वळू. भारतात २५ मार्च २०२० रोजी दूरस्थ वैद्यकीय सल्ल्यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध झाली. त्यांनुसार डॉक्टर आपल्या सहीच्या चिठ्ठीचे छायाचित्र किंवा इलेक्ट्रॉनिक चिठ्ठी रुग्णाला ईमेलने अथवा संदेशाने पाठवू शकतात. काही घातक व नशा आणणारी औषधे मात्र अशा सल्ल्यावर लिहिण्यास मनाई आहे. चिठ्ठी परस्पर औषधविक्रेत्याकडे पाठवावयाची तर रुग्णाची स्पष्ट संमती लागते आणि कोणत्या दुकानातून औषध घ्यावे हे रुग्णानेच ठरवावयाचे असते.

पण येथे एक मूलभूत भेद आहे, आणि तोच मला आज विशेषेकरून सांगावयाचा आहे. ऑस्ट्रेलियात संदेशातून येते ती किल्ली. आपल्याकडे बहुधा येते ते चिठ्ठीचे छायाचित्र. किल्ली एकदा वापरली की निकामी होते, छायाचित्र निकामी होत नाही. आज एका दुकानात दाखवलेले तेच छायाचित्र उद्या दुसऱ्या दुकानात दाखवता येते. पाच दिवसांसाठी दिलेले प्रतिजैविक औषध पुढच्या महिन्यात, न विचारता, पुन्हा आणले जाते. एकाचे औषध दुसऱ्याच्या पोटात जाते. काही प्रतिजैविके व झोपेच्या गोळ्या विकताना दुकानदाराने रुग्णाचे व डॉक्टरांचे नाव स्वतंत्र वहीत नोंदवावे, असा नियम २०१४ पासून आहे. परंतु एका दुकानाची वही दुसऱ्या दुकानाला दिसत नाही.

शिवाय छायाचित्र कोणालाही वाचता येते. त्यावर रुग्णाचे नाव, वय, कित्येकदा आजारही लिहिलेला असतो. लग्नाच्या मुलीला अपस्माराचे औषध चालू आहे, किंवा घरच्या कर्त्या पुरुषाला मनाच्या आजाराचे, ही गोष्ट एका निष्काळजी बोटाने साऱ्या आप्तवर्गात पसरू शकते. पसरलेली गोष्ट परत घेता येत नाही.

म्हणून श्रोतेहो, संदेश आला की प्रथम एवढेच पाहावे : माझ्या हाती आहे ती किल्ली की छायाचित्र? किल्ली असेल तर औषध मिळेपर्यंत ती जपावी. छायाचित्र असेल तर औषध मिळाल्यानंतरही ते जपावे, त्यावरील तारीख पाहावी आणि गरज संपल्यावर डॉक्टरांना विचारल्याखेरीज त्यावर पुन्हा औषध आणू नये. ते फक्त डॉक्टरांना, औषधविक्रेत्याला आणि ज्याला आपण औषध आणावयास पाठवतो त्यालाच दाखवावे. आणि घरातील वडील माणसाची चिठ्ठी आपल्या मोबाईलवर आली असेल, तर ती त्यांची आहे, आपली नव्हे, याचे स्मरण ठेवून आधी त्यांना वाचून दाखवावी.